आनंदाची घसरगुंडी

"सहा महिने आनंद शिकवला, आणि माणसं दुःखी झाली?"

दूध संघाच्या चेअरमननी, तात्यासाहेब इंगवल्यांनी, माझा कागद टेबलावर ठेवला, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला आणि कागद पुन्हा उचलला. आकडे बदलले नव्हते. पहिल्या ओळीत पाचपैकी चार पूर्णांक आठ. दुसऱ्या ओळीत दोन पूर्णांक नऊ.

"बाई, मी कागद उलटा धरलाय काय?"

"नाही तात्यासाहेब. सुलटाच आहे."

"मग पहिली ओळ खाली आन् खालची वर, असं आसंल."

"नाही. आधी चार पूर्णांक आठ होता. आता दोन पूर्णांक नऊ आहे."

शेजारच्या खुर्चीत डॉक्टर उपळेकर बसले होते. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्राचे. सहा महिने तांबेरी तालुका दूध संघातल्या एकशे बारा माणसांना आनंदी करण्याचं काम त्यांनी केलं होतं, आणि ते इतक्या मनापासून केलं होतं की त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आता काढायचं कसं हेच त्यांना समजत नव्हतं. ओठ हसत होते आणि डोळे रडकुंडीला आले होते.

मी त्या वेळी सव्वीस वर्षांची होते. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत मूल्यमापनाचं काम करत होते. कुणी समाजासाठी एखादा कार्यक्रम केला, की त्याचा खरंच काही उपयोग झाला का, हे कार्यक्रम करणाऱ्याने सांगायचं नाही, तिसऱ्याने जाऊन मोजायचं. तो तिसरा म्हणजे आम्ही. तांबेरीचं काम मी एकटीने केलेलं पहिलं काम होतं, आणि त्याचा अहवाल परवा, शनिवारी, पैसे देणाऱ्या मुंबईच्या ट्रस्टसमोर वाचायचा होता. तो चांगला निघाला तर उपक्रम आणखी तीन वर्षं चालणार होता आणि आसपासच्या संघांनाही मिळणार होता. वाईट निघाला तर इथेच बंद.

उपक्रमाचं नाव 'प्रसन्न संघ'. माणसाच्या दुखण्यापेक्षा त्याच्या चांगल्या बाजूकडे बघा, ती वाढवा, म्हणजे माणूसही फुलतो आणि कामही, असा त्यामागचा विचार. त्यासाठी रोज वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. भिंतीवरच्या 'गुणांच्या फळ्या'वर सोबत्याचा एक गुण लिहायचा. आणि दर सोमवारी अर्धा तास सगळ्यांनी गोल बसून बोलायचं. त्या बैठकीला एकच नियम होता. कामगार बोलून झाल्याशिवाय साहेबाने तोंड उघडायचं नाही.

सुरुवातीला लोकांना हा सगळा प्रकार म्हणजे पुण्याच्या माणसाला झालेला काहीतरी आजार वाटला. टँकरवरच्या एका चालकाने पहिल्या दिवशी वहीत लिहिलं होतं, "एक, टँकर चालू झाला. दोन, टँकर थांबला. तीन, पाहिजे तिथंच थांबला." पॅकिंगमधल्या एका बाईने लिहिलं होतं, "सासू माहेरी गेली." दुसऱ्या दिवशी लिहिलं, "अजून आली न्हाई." आठवडाभर तिची वही याच एका गोष्टीवर चालली. पण हळूहळू वह्या भरू लागल्या, फळ्यावर जागा पुरेना, आणि सोमवारची बैठक अर्ध्या तासाची पाऊण तास होऊ लागली. मी महिन्यातून एकदा यायचे तेव्हा मला हे दिसत होतं. म्हणून तर तो दोन पूर्णांक नऊ बघून मलाच आधी घाम फुटला होता. मी तीनदा बेरीज केली होती.

"एक काम करू," तात्यासाहेब म्हणाले. "उद्या परत कागद भरून घ्या. दुधाचं फॅट कमी लागलं तर आमी परत टेस्ट लावतोच की."

"लावता. पण फॅट वाढेपर्यंत लावत नाही ना?"

तात्यासाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुमी आमच्या संघात किती दिस झालं येताय?"

"सहा महिने."

"मग असं बोलू नये." त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, शनिवारी मुंबईची पावणेमंडळी येनार. पन्नास मानसांचं जेवान सांगितलंय. ते बगा तिकडं."

कोपऱ्यात एक फ्लेक्स उलगडून भिंतीला टेकवला होता. त्यावर तात्यासाहेब हात जोडून उभे होते. मागे एक म्हैसही प्रसन्न दिसत होती. खाली अक्षरं होती, 'आनंदी माणसं, घट्ट दूध. प्रसन्नतेत पाचपैकी पाच!'

"पाच?" मी विचारलं. "पण आकडा तर आज आला."

"चारवर आठ हुतं. सहा महिन्यांत दोन पॉइंट बी वाढनार न्हाईत व्हय, असा हिशोब केला. छापायला बुधवारीच द्यावं लागतं."

बाहेर येऊन मी आमच्या संचालिकेला, प्रभुणे मॅडमना फोन लावला. मॅडम आयुष्यभर सरकारी आणि खाजगी योजनांची मोजमापं करत आल्या होत्या. त्या कमी बोलायच्या आणि बोलायच्या ते बहुतेक प्रश्नच असायचे.

"मॅडम, आकडा पडलाय."

"कुठला आकडा?"

"दुसरा. सहा महिन्यांनंतरचा."

"त्याबद्दल मला नंतर सांग. पहिला कसा घेतलास?"

"कसा म्हणजे? फॉर्म वाटले. बारा वाक्यं होती. 'मला इथे मोकळेपणाने बोलता येतं', 'मी कामावर आनंदाने येतो', अशी. प्रत्येकापुढे एक ते पाच. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे. नाव लिहायचं नव्हतं. एकशे बारापैकी एकशे बारा फॉर्म आले."

"कुठे भरले?"

"सभागृहात."

"चेअरमन कुठे होते?"

मी आठवलं. "समोर. खुर्चीवर. उद्घाटनाला आले होते, मग बसूनच राहिले."

"फॉर्म गोळा कुणी केले?"

"मोहित्यांनी. हजेरी क्लार्क आहेत. ते म्हणाले, पटकन होईल." इथे माझा आवाज बारीक झाला. "हजेरीच्या नंबराने गोळा केले."



"आणि या वेळी?"

"या वेळी तात्यासाहेब कोल्हापूरला गेले होते. मी एकेका विभागात जाऊन बसले आणि भरून घेतले."

"ऋजुता," मॅडम म्हणाल्या, "पुढचं मला फोनवर विचारू नकोस. तिथल्या माणसांना विचार."

कॅन धुण्याचा विभाग संघाच्या मागच्या बाजूला होता. वाफेने भरलेला, खालून ओला, आणि कॅनच्या खणखणाटाने कान किटवणारा. तिथे बायजाक्का लोहार एकोणीस वर्षं काम करत होत्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात गमबूट, आणि चाळीस लिटरचा कॅन एका हाताने उलटा करायची ताकद. सोमवारच्या बैठकीत सगळ्यात आधी त्या बोलायच्या आणि सगळ्यात शेवटीही.

"आक्का, दोन मिनिटं बोलायचं होतं."

"बोला की. हात चालू राहू देत न्हवं?"

"राहू दे. सहा महिन्यांपूर्वी इथल्या सगळ्यांनी फॉर्मवर पाच पाच लिहिले होते. आता दोन-तीन लिहिलेत. काय बिघडलं?"

आक्कांनी कॅन थांबवला.

"बिघडलं? काय न्हाई बिघडलं. सुदारलं की."

"मग आकडा कमी का?"

"तवा तात्या म्होरं बसलं हुतं. मोहित्या एकेकाचं नाव घेऊन कागद मागत हुता. 'तात्या, आमी तुमच्या राज्यात सुखी न्हाई' असं तात्याच्याच म्होरं कोन लिवंल? मागच्या रांगेतनं निरोप आला, समद्यांनी पाच टाका. टाकलं." त्यांनी कॅनमधलं पाणी भसकन ओतलं. "माझा चष्मा घरी हुता. मी तर वाचलं बी न्हाई. नुसतं पाचाला गोल केलं."

"आणि आता?"

"आता कसं हाय मॅडम, ह्यो गरम पान्याचा पाइप बगा. चार वरसं गळत हुता. पाय पोळायचं. एका सोमवारी मी म्हनलं, पाय पोळत्यात. म्हनलं आन् लई भ्यालो. घरी जाऊन मालकास्नी सांगितलं, उद्यापास्नं मी घरीच. तर दुसऱ्या आठवड्याला पाइप बदलला! मग आमी म्हनलं, हितं खरं बोललं तर चालतंय. म्हनून खरं लिवलं."

"म्हणजे दोन, तीन हा खरा आकडा?"

"खरा."

"आणि सहा महिन्यांपूर्वी खरं लिहिलं असतं तर?"

आक्का हसल्या. "एक. आन् त्यो बी तुमच्याकडं बगून, पुन्यास्नं आलाय म्हनून."

मी वाफेत उभी राहिले. मी सहा महिने आनंद मोजत होते असा माझा समज होता. पहिल्या दिवशी मी भीती मोजली होती आणि ती पाचपैकी चार पूर्णांक आठ भरली होती. त्या पहिल्या अहवालात मी लिहिलंही होतं, 'प्रतिसाद अत्यंत उत्साहवर्धक.'

शुक्रवारी सकाळी मी नवा फॉर्म घेऊन फिरले. तीच बारा वाक्यं, पण प्रत्येकापुढे दोन रकाने. 'आज' आणि 'खरं सांगायचं तर सहा महिन्यांपूर्वी'. मोहित्यांना मी गावातल्या दुकानातून स्टेपलरच्या पिना आणायला पाठवलं. फॉर्म कुणाच्या हातात द्यायचे नव्हते. झाकणाला चीर पाडलेल्या रिकाम्या तुपाच्या डब्यात टाकायचे होते. काही लोकांनी दुसरा रकाना भरताना असा काही दाब दिला की पेनाने कागद फाटला.

संध्याकाळी पाच वाजता मी पुन्हा तात्यासाहेबांच्या केबिनमध्ये होते. आजचा आकडा दोन पूर्णांक नऊ होता तसाच आला. सहा महिन्यांपूर्वीचा खरा आकडा एक पूर्णांक सात.

उपळेकर खुर्चीतून उडालेच. "म्हणजे वाढ झाली! एक पूर्णांक दोनची वाढ! तात्यासाहेब, ही फार मोठी वाढ आहे! मला याचा आलेख काढू द्या!"

"थांबा वो." तात्यासाहेबांना वाढ दिसतच नव्हती. त्यांची नजर एक पूर्णांक सातवर अडकली होती. "म्हंजे सहा महिन्यांमागं माझ्या संघात मानसं एकवर सात सुखी हुती?"

"हो."

"सतरा वरसं मी चेअरमन हाय."

त्यांनी बोटाने तो आकडा झाकून बघितला.

"म्हंजे मला पास व्हायचं आसंल तर आदी नापास झालो हुतो म्हनून सांगायचं? मुंबईच्या मानसांम्होरं? संचालक मंडळ बसलेलं असताना?" त्यांनी कागद माझ्याकडे ढकलला. "न्हाई जमायचं. आदी चारवर आठ, आन् आता चारवर नऊ. असं लिवा. कुनाचं नुकसान हाय त्यात?"

मी तो परत त्यांच्यासमोर सरकवला. "मी नाही लिहिणार, तात्यासाहेब."

"तुमच्या मॅडमला फोन लावा."

लावला. तात्यासाहेब उभे राहून बोलले. आम्हाला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती. "नमस्कार... व्हय... व्हय... न्हाई, तसं न्हवं... व्हय... सतरा... न्हाई, कुनी इचारलं न्हाई कदी... व्हय. बरं." त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि सावकाश खाली बसले.

"तुमच्या मॅडम आदी शाळेत हुत्या काय?"

"नाही."

"असत्याल." थोडा वेळ ते फ्लेक्सवरच्या स्वतःकडे बघत राहिले. मग त्यांनी घंटी वाजवली आणि बायजाक्कांना बोलावणं पाठवलं.

आक्का आल्या त्या गमबुटासकट. दारात थांबल्या. पदर खांद्यावरून पुढे घेतला. केबिनमध्ये त्या एकोणीस वर्षांत दुसऱ्यांदा येत होत्या. पहिल्यांदा नोकरीला लागताना आल्या होत्या.

"बायजाक्का, बस."

"उबीच बरी हाय."

"एक इचारू? खरं सांगायचं. तू मला भीत हुतीस?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, पण पापणी तरी हलली असावी.

"भीत हुतो की."

"का? मी कदी हात उगारला? कदी वंगाळ बोललो?"

"न्हाई. बोललाच न्हाई कदी. त्येच की."

तात्यासाहेबांच्या तोंडावर ते जाऊन बसलं. उपळेकरांनी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि सोमवारचा नियम आठवून मिटलं.

"आन् आता?" तात्यासाहेबांनी विचारलं. "आता भीतीस?"

"थोडं."

"थोडं म्हंजे किती?"

आक्कांनी विचार केला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, एक ते पाचात सांगू?"

"सांगा."

"तीन."

तात्यासाहेब पुढे वाकले. "आन् आदी?"

"आदी पाच. त्यो मातुर खरा पाच हुता."

आधी उपळेकरांना हसू फुटलं. मग मला. तात्यासाहेब काही क्षण आमच्याकडे रागाने बघत राहिले, आणि मग त्यांचंच पोट हलायला लागलं. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, आणि तो पुसायला जरा जास्तच वेळ लावला.

"पाचावरनं तीन," ते म्हणाले. "म्हंजे दोनानं उतरली."

"व्हय. अजून उतरंल," आक्का म्हणाल्या, "पन सोमवारची बैठक बंद नगा करू. मी जाऊ का? कॅन पडल्यात."

शनिवारी मुंबईची पाहुणेमंडळी आली. सभागृह भरलं. संचालक मंडळ पहिल्या रांगेत, त्यात पुढच्या निवडणुकीत तात्यासाहेबांच्या विरोधात उभे राहणार असलेले दोघे. फ्लेक्स कुठे दिसेना. तो मला नंतर जेवणाच्या मांडवात सापडला. ताकाच्या पातेल्यांखाली अंथरला होता, म्हैस वर, तात्यासाहेब खाली.

अहवाल मी वाचणार होते, पण माझ्याआधी तात्यासाहेबांनी माइक घेतला.

"पावण्यांनो, सहा महिन्यांमागं ह्या संघातली मानसं दुःखी हुती. पाचात एकवर सात. हे माझ्या कारकिर्दीत झालं."

पहिल्या रांगेत विरोधातल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. इतका आयता मुद्दा हातात आल्यावर त्याचं काय करायचं हे त्यांना सुचेना.

"मला ठावं न्हवतं. का, तर मी कदी इचारलं न्हाई. आन् ह्या मॅडमनी इचारलं तवा मी म्होरंच बसलो हुतो, त्यामुळं त्यास्नी बी कळलं न्हाई. चूक निम्मी माझी, निम्मी त्येंची."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मी उभी राहून मान्य केलं. दुसरं काय करणार?

"आता आकडा दोनवर नऊ हाय. म्हंजे मानसं अजून फार सुखी हायत असं न्हाई. पन खरं सांगाय लागल्यात. माझ्या मतं ह्येला बी मार्क असावंत." त्यांनी माइक माझ्याकडे दिला, पुन्हा परत घेतला आणि म्हणाले, "आन् सोमवारची बैठक ट्रस्टनं पैसे दिलं तरी चालनार, न्हाई दिलं तरी चालनार."

टाळ्या मागच्या रांगांतून सुरू झाल्या. ट्रस्टच्या सचिव बाईंनी मला तीन अवघड प्रश्न विचारले आणि त्यातल्या दोनांची उत्तरं मला आली. पहिल्या आकड्याची चूक मी अहवालात माझ्या नावाने लिहिली होती, ती त्यांनी दोनदा वाचली. उपक्रम तीन वर्षांसाठी मंजूर झाला. पुढच्या साली निवडणुकीत तात्यासाहेब अकरा मतांनी निवडून आले. विरोधकांनी प्रचारात 'एकवर सातचा चेअरमन' अशा घोषणा दिल्या होत्या. त्यावर तात्यासाहेब प्रत्येक सभेत म्हणायचे, "त्यो आकडा तुमाला सांगितला कुनी? मीच की!"

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. मी हे मूल्यमापनाचं काम नव्या मुलामुलींना शिकवते, आणि मला वाटायचं की तांबेरीत मी ते शिकले. पण खरं शिकले ते त्यानंतर दोन महिन्यांनी, शेजारच्या तालुक्यात.

तिथल्या दूध संघालाही उपक्रम मिळाला होता आणि पहिला आकडा घ्यायला मी गेले. या वेळी मी सगळं नीट केलं. चेअरमनला सकाळीच नमस्कार करून बाहेर पाठवलं, हजेरी क्लार्कला जवळ फिरकू दिलं नाही, कुलूप लावलेली पेटी ठेवली. दुपारी पेटी उघडली.

पहिला फॉर्म, बारा वाक्यांना बारा एक. दुसरा, बारा एक. तिसरा, चौथा, दहावा, पन्नासावा. 'मला इथे मोकळेपणाने बोलता येतं', एक. 'कामावर माझा एक तरी मित्र आहे', एक. 'माझे घरचे माझ्यावर प्रेम करतात', एक. एकशे चाळीस माणसं आणि सगळी जगातल्या सर्वांत दुःखी दूध संघात नोकरीला होती.

इतक्यात दारातून चेअरमन डोकावले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"आमचं लई वाईट हाय न्हवं, मॅडम? तांबेरीचं एकवर सात हुतं म्हनं. आमचं एक! आता सहा महिन्यांनी बगा तुमी, कसं वर जातंय!"

ते गेले. मी हसावं की रडावं ते न कळून फॉर्म पुढे बघत राहिले. तळाशी, एकशे एकोणचाळिसावा फॉर्म हातात आला. त्यात काही ठिकाणी दोन होते, काही ठिकाणी चार, एका ठिकाणी तीनवर फुली मारून पुन्हा तीन. आणि खाली शिसपेन्सिलने, मोठ्या कष्टाने लिहिलेल्या अक्षरांत दोन ओळी.

"समद्यांनी एक टाका म्हनून निरोप आलाय. पन मी इचार करून लिवलंय."

नाव अर्थातच नव्हतं, आणि शोधायचं तर मुळीच नव्हतं. मी तो कागद नीट घडी घालून डायरीत ठेवला, उरलेले एकशे एकोणचाळीस पेटीत टाकले, आणि उपळेकरांना फोन करून सांगितलं, "या. इथे खरं लिहिणारं एक माणूस आहे. सोमवारी गोल करून बसू, बाकीचे येतील."